औषधदान झाले, अभयदान उरले

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पहिल्या तिन्हींचा हिशेब मांडता येतो. किती पाने उठली, किती रुपयांची औषधे वाटली, किती ग्रंथ छापले, हे संस्थेच्या अहवालात लिहिता येते. चौथ्या दानाची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. ते देण्यासाठी पैसा लागत नाही, आणि म्हणूनच की काय, ते सर्वांत कमी दिले जाते.

एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही उणीव ठळकपणे जाणवते. औषधदानाचा भाग शासनाने उचलला आहे. विषाणूला रोखणारी औषधे १ एप्रिल २००४ पासून भारतात सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. ज्या सहा राज्यांपासून आरंभ झाला, त्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर धोरण असे आहे की, निदान झाले की रक्तातील पेशींची संख्या कितीही असो, औषध सुरू करावे. २०२१च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक या संसर्गासह जगत होते आणि त्यांत सर्वाधिक, जवळपास ४ लाख, महाराष्ट्रात होते. औषध आहे, ते मोफत आहे, आणि वेळेवर घेतले तर माणूस दीर्घायुषी होतो. तरीही कित्येक जण केंद्रापर्यंत पोहोचतात ते फार उशिरा.

हा उशीर कोठे होतो, याचा शोध घेताना दृष्टी त्वचेवर आणि तोंडावर जाते. कारण हा आजार आपला पहिला निरोप बहुधा तेथेच पाठवतो. आणि खेड्यापाड्यांत तो निरोप प्रथम ज्याच्या दृष्टीस पडतो तो डॉक्टर नसतो; दुकानदार असतो.

झरी जामणीचा रस्ता

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात झरी जामणी हा तालुका आहे. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. कोलाम, गोंड आणि परधान समाजाची वस्ती मोठी. कोलाम ही तर महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. वऱ्हाडी मराठीच्या जोडीला कोलामी, गोंडी आणि तेलुगू कानावर पडते. कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके. मुकुटबन, पांढरकवडा आणि वणी या बाजारपेठा. एकीकडे वणीच्या कोळसा खाणी, दुसरीकडे पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर–हैदराबाद महामार्ग. मालमोटारी, मजूर आणि हंगामी स्थलांतर यांची ये-जा अशा भागात अखंड चालते.

अशा तालुक्यात अंगावर खाज उठली किंवा तोंड आले, तर माणूस सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जात नाही. तसा तज्ज्ञ जवळ नसतोच. मोठ्या तपासणीसाठी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो, आणि जाण्यायेण्यात मजुरीचा पूर्ण दिवस मोडतो. म्हणून तो आठवडी बाजाराच्या दिवशी औषधांच्या दुकानात उभा राहतो, बाही वर करून हात दाखवतो आणि ‘एखादी ट्यूब द्या’ म्हणतो. ट्यूब मिळते. पुढच्या महिन्यात तोच माणूस पुन्हा येतो, पुन्हा ट्यूब मिळते. असे वर्ष निघून जाते. बुडीत होणाऱ्या खात्याची लक्षणे जशी ते बुडण्याच्या कितीतरी आधी हप्त्यांच्या अनियमिततेत दिसू लागतात, तशी शरीराची लक्षणेही या वाऱ्यांत दिसत असतात. ती वाचणारा मात्र कोणी नसतो.

त्वचा आणि तोंडच का?

शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत सी.डी.४ नावाच्या पांढऱ्या पेशींचे स्थान सेनापतीचे आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या साधारणपणे ५०० ते १५०० असतात. एच.आय.व्ही. नेमक्या याच पेशींना लक्ष्य करतो आणि वर्षानुवर्षे त्यांची संख्या घटवत नेतो. या काळात माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, शेतात राबतो, दुकान चालवतो.

परंतु त्वचा आणि तोंडाचे अस्तर ही शरीराची वेस आहे. तेथे अनेक सूक्ष्म जीव आधीपासून वस्तीला असतात. कँडिडा नावाची बुरशी निरोगी माणसाच्या तोंडातही निरुपद्रवी राहते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी आयुष्यभर निद्रिस्त पडून असतो. पहारा सैल झाला की हीच जुनी मंडळी डोके वर काढतात. त्यामुळे रक्ताचा अहवाल हाती येण्यापूर्वीच आरसा आणि टॉर्च यांच्या साहाय्याने बरेच काही कळू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने या संसर्गाच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही उपयोगी पडाव्यात अशाच. दुसऱ्या पायरीवरील बहुतेक खुणा त्वचेच्या आणि तोंडाच्या आहेत : नागीण, ओठांचे कोपरे चिरणे, वारंवार तोंड येणे, खाजऱ्या पुळ्या, चेहऱ्यावर व डोक्यात तेलकट कोंडा, नखांची बुरशी. तिसऱ्या पायरीवर तोंडात टिकून राहणारा पांढरा थर, जिभेच्या कडेचे पांढरे चट्टे आणि हिरड्या सडणे येते. चौथीवर ती बुरशी अन्ननलिकेत उतरते आणि घास गिळताना वेदना होऊ लागतात. तोंडावरील किंवा गुप्तांगावरील हर्पिसचे व्रण महिना उलटला तरी भरत नाहीत. दुसऱ्या पायरीवर जो निरोप वाचला जातो, त्याने तिसरी आणि चौथी टळू शकते.

तोंडातील खुणा

तोंडातील बुरशीचा पांढरा थर दह्याच्या साईसारखा दिसतो. तो जिभेवर, टाळूवर, गालाच्या आतील बाजूस असतो आणि कापसाच्या बोळ्याने पुसल्यास निघतो. खाली लाल, हुळहुळी जागा दिसते. तिखट लागत नाही असे होते, चव जाते, अन्न नकोसे वाटते आणि वजन घटते. क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल यांसारख्या औषधांनी ती बरी होते. पण मूळ कारणाकडे दुर्लक्ष केले, तर पुन्हा येते.

जिभेच्या दोन्ही कडांवर उभ्या पन्हाळ्यांसारखे पांढरे चट्टे उठतात, त्यांचे स्वरूप वेगळे आहे. ते पुसून निघत नाहीत आणि बहुधा दुखतही नाहीत. एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे होणाऱ्या या चट्ट्यांचे वर्णन सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रीनस्पॅन दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रथम केले आणि दंतवैद्याच्या खुर्चीवरूनही या संसर्गाचा माग लागू शकतो, हे जगाला कळले.

विदर्भात मात्र येथे एक मोठा घोटाळा होतो. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तोंडात धरण्याची सवय खोलवर रुजली आहे. खऱ्र्याची गोळी जेथे दाबून ठेवली जाते, तेथे गालाची आतील कातडी पांढरी पडते, राठ होते. पुढे तोंड उघडेनासे होते आणि काहींच्या बाबतीत कर्करोग होतो. हा पांढरा चट्टाही पुसून निघत नाही. त्यामुळे खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात काहीही दिसले की, ‘खऱ्र्यानं झालं असंल’ एवढ्यावर विषय संपतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू आणि सुपारीची उलाढाल थांबलेली नाही. त्या व्यापाराशी समाजातील काही कुटुंबांचा संबंध येतो, हेही नाकारता येणार नाही. ज्या मालामुळे मुखरोग उद्भवतो आणि ज्याच्या आडोशाला दुसरा रोगही लपून राहतो, त्या मालाचा नफा कोणत्या खात्यावर मांडायचा, याचा विचार संबंधितांनी स्वतःच करावयाचा आहे.

उलट बाजूने एक सावधानताही हवी. तोंडात पांढरे दिसले म्हणजे एच.आय.व्ही. झाला, असे समजणे सर्वस्वी चुकीचे आहे. मधुमेह आटोक्यात नसणाऱ्यांना, कवळी वापरणाऱ्यांना, दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना, तान्ह्या बाळांना आणि दीर्घकाळ प्रतिजैविके घेणाऱ्यांनाही हीच बुरशी होते. व्यापारी कुटुंबांत मधुमेहाचे प्रमाण पाहता ही बाब विशेष लक्षात ठेवावी. खूण ही शंका घेण्यापुरती असते, निर्णय रक्ततपासणीचा.

त्वचेवरील खुणा

नागीण हा शब्द उच्चारला की घराघरांत धास्ती बसते. नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस जगत नाही, अशी समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पुळ्यांवर गेरू लावला जातो, मंत्र टाकला जातो. वस्तुतः ही कांजिण्यांच्याच विषाणूची दुसरी फेरी होय. शरीराच्या एका बाजूला, एका मज्जातंतूच्या वाटेने, आग होणाऱ्या पुळ्यांचा पट्टा उठतो. म्हाताऱ्या माणसाला ती होणे विशेष नव्हे. परंतु तिशीतल्या तरुणाला झाली, दोनदा झाली किंवा शरीराच्या एकाहून अधिक भागांत पसरली, तर रक्त तपासून घ्यावे, असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. ॲसायक्लोव्हिरसारखे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर गुण चांगला येतो; मंत्रात गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.

हातापायांवर उठणाऱ्या अतिशय खाजऱ्या पुळ्या ही उष्ण प्रदेशांत वारंवार दिसणारी खूण. माणूस रात्रभर खाजवतो आणि जुन्या पुळ्यांचे काळे डाग मागे राहतात. कीटकांच्या दंशाला शरीर अवाजवी प्रतिसाद देते, असे तिचे एक स्पष्टीकरण दिले जाते. कापसाच्या पट्ट्यात फवारणी, गाजरगवत, घाम आणि डास ही खाजेची कारणे इतकी परिचित आहेत की, या पुळ्याही त्यांच्याच नावावर खपून जातात. चेहऱ्यावर, मानेवर पाणीदार मोत्यांसारख्या, मध्ये खळगा असलेल्या गाठी. वेगाने वाढणाऱ्या चामखिळी. औषधाने न हटणारा नायटा. जाड खपल्या धरणारी खरूज. नाकाच्या कडेने आणि भुवयांत साचणारा तेलकट कोंडा : यांपैकी कोणतीही व्याधी निरोगी माणसालाही होऊ शकते. लक्ष द्यावयाचे ते तिच्या चिवटपणाकडे, विस्ताराकडे आणि एकाच माणसात अनेक खुणा एकत्र दिसण्याकडे.

याच टप्प्यावर औषध दुकानाची जबाबदारी सुरू होते. बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेल्या मलमांची विक्री देशभर बेसुमार होते. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, ग्राहक खूश होतो. पण स्टेरॉइड त्वचेचा उरलासुरला पहारा झोपवतो; नायटा आतून पसरतो, त्याचे रूप बदलते, कातडी पातळ होते आणि मूळ खूण पुसली गेल्याने पुढे डॉक्टरलाही निदान अवघड जाते. या दुरुपयोगाविरुद्ध देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घातली; म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम झाला, तो पाळला जातो की नाही, हे प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर ठरते. तिसऱ्यांदा ट्यूब मागणाऱ्या माणसाला ती न देता, ‘एकदा ग्रामीण रुग्णालयात दाखवून या, तेथे तपासणीला पैसे पडत नाहीत’ असे शांतपणे, चारचौघांच्या कानावर न जाईल अशा आवाजात सांगणे, हे त्या दुकानदाराच्या हातून घडणारे मोठे औषधदान ठरेल. त्यात एका ट्यूबचा नफा बुडतो, एवढेच.

औषध सुरू झाल्यानंतर

उपचार सुरू झाल्यावर त्वचा आणि तोंड हळूहळू निवळू लागतात. तोंडातील थर जातो, चव परत येते, खाज उतरते. परंतु आरंभीच्या काही महिन्यांत कधी कधी उलटे घडते. संरक्षणव्यवस्था जागी होते आणि दडलेल्या जंतूंशी एकदम झगडू लागते. नागीण उठते, जुनी पुरळ वाढते. घरचे म्हणतात, औषध मानवले नाही, बंद करा. हाच तो क्षण, जेथे अनेकांची वाट चुकते. असे झाल्यास केंद्रातील डॉक्टरला दाखवावे. आपल्या मनाने गोळी थांबवू नये.

औषधाचीच पुरळ उठण्याचा प्रकारही असतो. पूर्वी प्रचारात असलेले नेव्हिरापिन पहिले १४ दिवस अर्ध्या मात्रेत दिले जाई, ते याच भीतीने. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कोट्रायमोक्झॅझोलनेही काहींना पुरळ येते. पुरळीसोबत ताप, डोळे लाल होणे, तोंडात फोड किंवा कातडी सुटणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची मिळून एकच गोळी रोज एकदा दिली जाते आणि ती बहुतेकांना सोसते.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक गोष्ट महत्त्वाची. पूर्वीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ असे, आणि ती रात्री झोपताना घ्यावी लागे. चौविहार पाळणाऱ्यासमोर त्यामुळे पेच उभा राही. आताची गोळी जेवणाआधी वा नंतर, दिवसाच्या कोणत्याही ठरलेल्या वेळी घेता येते. सूर्यास्तापूर्वीची वेळ ठरवली तरी चालते. आम्लपित्ताच्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांशी तिची वेळ कशी जुळवावी, हे मात्र डॉक्टरला विचारावे. पर्युषणात अट्ठाई किंवा अन्य दीर्घ उपवास करावयाचा असल्यास आधी सल्ला घ्यावा. गोळी चुकवून केलेल्या तपाने शरीर दुबळे होते आणि विषाणू औषधाला सरावतो. अशा वेळी गुरुजनांसमोर अडचण नि:संकोच मांडली, तर तपाचे दुसरे रूप सुचवले जाऊ शकते.

भयाचा इतिहास

या आजाराचा इतिहासही तोंडातील आणि त्वचेवरील खुणांनीच सुरू होतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. त्या पाचही जणांना कँडिडा बुरशीचाही त्रास होता. महिन्याभरात, तरुणांच्या कातडीवर उठणाऱ्या जांभळ्या गाठींच्या दुर्मीळ कर्करोगाची दुसरी नोंद आली. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत पहिले निदान झाले, ते डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या प्रयत्नांतून. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घराण्यातील कन्या. ज्या काळात डॉक्टरही या रुग्णांना हात लावायला कचरत, त्या काळात त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढून रुग्णांना आसरा दिला.

हात लावण्याचे भय मात्र विदर्भाला नवे नव्हते. झरीहून वणीमार्गे वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तेथे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे केले. गांधीजींनी ज्यांना ‘अभयसाधक’ म्हटले, ते बाबा कुष्ठाने झडलेल्या तुळशीराम नावाच्या माणसाला गटाराकाठी पाहून प्रथम घाबरून दूर गेले होते, आणि त्या भयाशीच झगडून ते कुष्ठसेवेकडे वळले, हे सर्वश्रुत आहे. कातडी झडलेल्या माणसाला घराबाहेर काढणारा समाज आणि त्याच माणसाच्या हातून शेती फुलवणारा प्रयोग, दोन्ही याच मातीतले. कुष्ठरोगाला औषध सापडले तरी भय पुढे कित्येक वर्षे टिकले. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तीच पुनरावृत्ती चालू आहे.

वस्तुस्थिती अशी की, हा विषाणू एका ताटात जेवल्याने, पाण्याच्या एकाच माठाने, हस्तस्पर्शाने, खोकल्याने, डासाने किंवा कपड्यांतून पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि उपचार न झालेल्या मातेकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग. खरूज स्पर्शाने पसरते, ती कोणाचीही असो; पण पुरळ दिसली म्हणून एच.आय.व्ही. पसरत नाही. ९ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवून दिले की, संसर्गित जोडीदाराला लवकर औषध दिल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू मोजण्याच्या पातळीखाली गेला, त्याच्यापासून शरीरसंबंधांतूनही संसर्ग होत नाही, ही आज जगमान्य गोष्ट आहे.

निर्विचिकित्सा

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा हे एक अंग आहे : देहाच्या मलिनतेची घृणा न करता गुणांवर प्रीती ठेवणे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या अंगासाठी उद्दायन राजाचे नाव येते. कथा अशी की, एका देवाने व्याधिग्रस्त मुनीचे रूप घेऊन त्याच्या घरी आहार घेतला आणि राजाच्याच अंगावर वमन केले. राजाने तोंड फिरवले नाही. आपल्या आहारातच काही न्यून राहिले असावे असे मानून त्याने मुनींचे अंग स्वच्छ केले. ही कथा पाठशाळेत ऐकून मोठी झालेली माणसे घरातील आजारी सुनेला वेगळे ताट आणि वेगळा पेला देतात, तेव्हा ती कथा निरर्थक ठरते.

आणि घरातील, हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. हा आजार झरीच्या मजुराचा, मालमोटारीच्या चालकाचा, परक्याचा, अशी समाजाची समजूत आहे. व्यापारासाठी परगावी राहणारे पुरुष प्रत्येक समाजात आहेत, आणि लग्नाखेरीज दुसरा कोणताही धोका न पत्करलेल्या स्त्रियांना पतीकडून लागण झाल्याची उदाहरणे देशात सर्वत्र आहेत. अशा स्त्रीच्या ओठांचे कोपरे चिरतात, अंगावर पुरळ उठते. तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या जातात आणि रक्ततपासणीचा विषय प्रतिष्ठेपोटी टाळला जातो. प्रतिष्ठा जपली जाते. वर्षे हातची जातात.

आठ अंगांतच उपगूहन आहे : दुसऱ्याचा दोष चारचौघांत न उघडणे. दोषही झाकावा असे सांगणाऱ्या परंपरेत आजार, जो दोषच नव्हे, तो तरी कसा उघडा करावा? कायदाही आता हेच सांगतो. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, एखाद्याची स्थिती उघड करता येत नाही, आणि या कारणासाठी नोकरीवरून काढणे, घर नाकारणे वा उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो. शंभर किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. जिनिंग कारखाना, डाळ मिल, मोठी पेढी चालवणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावे.

तिसरे अंग स्थितिकरण : डळमळणाऱ्याला स्थिर करणे. ते फार साध्या गोष्टींनी साधते. दुकानातील नोकराला औषध आणण्यासाठी यवतमाळला जावे लागत असेल, तर त्या दिवसाची मजुरी कापू नये आणि ‘कशाला जातोस?’ असे चारचौघांत विचारू नये. बसभाड्याचे पैसे हातावर ठेवावेत. घरात कोणी औषधावर असेल, तर ठरलेल्या वेळी गोळी घेतली का, एवढेच विचारणारे एक माणूस असावे. समाजाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासली जातेच; दंतवैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ बोलावून तोंड व त्वचा पाहण्याची सोय केली, तर खर्रा, मधुमेह आणि हा संसर्ग, तिन्हींचा माग एकाच बैठकीत लागेल. ज्याला शंका असेल त्याने १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारावी.

औषध शासनाच्या कपाटात आहे. तेथवर जाणारा रस्ता दुकानाच्या काउंटरवरून आणि घराच्या स्वयंपाकघरातून जातो. पुरळ उठलेला हात पुढे करणाऱ्याला तेथे तिरस्काराऐवजी दिशा मिळाली, तर तो रस्ता धरेल.